पिवळ्या कपाळाचं पाखरू

१

बुधवारी सकाळी, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत, गुणवंतराव खोब्रागडे सरांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं, वरच्या फळीवरचं पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही हातांनी खाली घेतलं, झाकण काढलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खोक्यात पाखरू नव्हतं.

पाखरू मेलेलं होतं, आत कापूस भरून ठेवलेलं होतं, तेव्हा ते उडून गेलं असं म्हणायची सोय नव्हती. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. खिडक्या आतून लावलेल्या होत्या. खोक्याच्या चार कोपऱ्यांत चार डांबरगोळ्या जिथल्या तिथे होत्या. पाखरू आणि त्याच्याखाली अंथरलेली कापसाची गादी, एवढंच गेलं होतं.

एरवी खैरटोल्याच्या हायस्कुलातून खडूचे डबे जात, नकाशे जात, एकदा तर घंटाच गेली होती, आणि कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण हे पाखरू सरांचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते प्रयोगशाळेच्या काचेवर आपटलं आणि सरांच्या तळहातावर गप्प झालं. मुठीत मावेल एवढं. करडं डोकं, मातकट पाठ, पांढरा गळा. आणि कपाळावर, चोचीच्या थेट वर, हळद लावल्यासारखा पिवळा डाग. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जंगलाच्या कडेला, झुडपांत गाणारी पाखरं सरांनी जन्मभर पाहिली होती, पण पिवळ्या कपाळाचं असं एकही नाही. त्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकातही ते नव्हतं. त्यांनी मापं घेतली, वहीत चित्र काढलं, शाळेच्या छापील कागदावर मुंबईच्या एका पक्षितज्ज्ञाला सविस्तर पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट पाहू लागले.

उत्तर यायच्या आधी बातमीच गावभर झाली. १९८६चा मार्च चालू होता आणि महिनाअखेर सर निवृत्त होणार होते. शनिवारच्या निरोप समारंभाची पत्रिका छापून आली, तिच्यात ठळक अक्षरांत होतं, 'खोब्रागडे सरांनी शोधलेल्या नव्या पक्ष्याचे दर्शन'. ते दर्शन घ्यायला गडचिरोलीहून वनखात्याचे साहेब येणार होते. छप्पन साली ज्या वस्तीनं धम्म स्वीकारला, त्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. म्हणून पंचक्रोशी सरांना ओळखत होती. तीस वर्षं शिकवून झालं. आता आपल्यामागे काहीतरी आपल्या नावाचं राहावं, एवढी एकच इच्छा उरली होती आणि ती त्या खोक्यात होती.

प्रयोगशाळेची किल्ली पाच वाजल्यानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या खिळ्यावर टांगली जाई. कपाटाची किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात, जुन्या हजेरीपटाखाली असते, हे सरांखेरीज तिघांनाच माहीत होतं. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. रोज त्यांच्या डोळ्यांपुढे वावरणारा होता.

२

पोलिसांत जावं तर ठाणेदारानं मेलेल्या चिमणीएवढ्या पाखराची फिर्याद ऐकून चहा पाजून परत पाठवलं असतं. सरांनी तपास स्वतःच करायचं ठरवलं. तीस वर्षं नववीतल्या पोरांच्या कॉप्या पकडलेल्या माणसाला एक चोर सापडू नये, हे त्यांना पटत नव्हतं.

पहिला नंबर कांता बोरकुटे बाईंचा लागला. ब्रह्मपुरीच्या या तरुण बाई दोन वर्षांपूर्वी विज्ञानाला आल्या होत्या, आणि सर गेल्यावर प्रयोगशाळा त्यांच्याच ताब्यात जाणार होती. मंगळवारी संध्याकाळी शेवटी तिथून बाहेर पडल्या त्याही त्याच.

"सर, तुमी मले विचारून राह्यले का संशय घेऊन राह्यले?" बाईंनी सरळ विचारलं.

"दोन्ही," सर म्हणाले. त्यांना आडपडदा जमत नसे.

बाईंना राग आला नाही. त्यांनी खोकं उघडून पाहिलं, मग त्याच फळीवरची सरांची वही काढली. पाखराचं चित्र, पंखाचं माप, शेपटीचं माप, सगळं त्यात जसंच्या तसं होतं.

"हे पाहा. मले तुमचा शोध हाणून पाडायचा असता, नाई तर आपल्या नावावर करायचा असता, तर मी वही सोडली असती का? ज्यानं नेलं त्याले वहीशी काई देणंघेणं नाई. अन् गादीसकट उचललं आहे त्यानं. पाखराचं एक पीस खाली पडू देल्लं नाई."

हे सरांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं याचा त्यांना थोडा रागही आला. चोर म्हटला की तो उचलतो आणि खिशात कोंबतो. हा गादीसकट घेऊन गेला, झोपलेलं तान्हं मूल उचलावं तसा.

"एक विचारू, सर? रागावू नका," बाई म्हणाल्या. "त्याची पाठ साधी, पोट साधं, पाय साधे. एकट्या कपाळालेच रंग काऊन? मी तुमाले म्हटलं होतं, जरा भिंगाखाली पाहू द्या. तुमी हात लावू देल्ला नाई."

"तुमच्या वयात मलेही लई शंका येत होत्या," सर तुटकपणे म्हणाले आणि वही काखेत मारून बाहेर पडले. व्हरांड्यात आल्यावर त्यांना आपलं बोलणं लागलं. या मुलीला आपण शंका घ्यायला शिकवायचं, आणि घेतली की वय काढायचं. पण आता मागे फिरणं जमणार नव्हतं, कारण समोरून मुख्याध्यापक देवराव भर्रे येत होते.

दोघं एकमेकांकडे न पाहता जवळून गेले, जसे गेली अकरा वर्षं जात होते.

३

अकरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा सेवेनं सर्वांत जुने खोब्रागडे सर होते. संस्थेनं जागा दिली देवरावांना, जे त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटे होते. कारण कुणी बोलून दाखवलं नाही आणि सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून सर देवरावांशी एक शब्द बोलले नाहीत. शाळा मात्र चालवायची होती. तेव्हा देवराव जे काही सांगायचं ते सूचना वहीत लिहीत, शिपाई लटारू मडावी ती वही वर्गोवर्गी फिरवी, चौदाही शिक्षक वाचून सही करत, आणि खोब्रागडे सर सगळ्यांच्या शेवटी करत. 'श्री. खोब्रागडे यांना कळविण्यात येते की सातवी ब चा तास घ्यावा.' खाली सही. कुणाला हसू येत नसे, इतकी त्याची सवय झाली होती. एका दिवाळीला देवरावांनी स्वतंत्र चिठ्ठी पाठवून पाहिली होती. सरांनी ती न फोडता लटारूच्याच हाती परत धाडली.

आता सर शिक्षकांच्या खोलीत जाऊन ती सूचना वही चाळू लागले. त्यांचा संशय पहिल्यापासून देवरावांवरच होता, फक्त तो बोलून दाखवायला पुरावा नव्हता. सोमवारच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. देवरावांचं वळणदार अक्षर होतं.

'श्री. खोब्रागडे यांना कळविण्यात येते की आपला पक्षी'

वाक्य तिथेच तुटलं होतं. त्यावर आडवी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'रद्द'. अकरा वर्षांत देवरावांनी एकही सूचना रद्द केलेली सरांना आठवत नव्हती.

संध्याकाळी घरी बायकोनं, आशाबाईंनी, भाताचं ताट पुढे ठेवलं, पण सरांचा घास उतरेना. त्यांनी सगळं सांगितलं.

"त्यानंच नेलं," सर म्हणाले. "खुर्ची खाल्ली, आता पाखरूही खाल्लं. जाता जाता माझं हसं करायचं आहे त्याले."

आशाबाईंनी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. मग म्हणाल्या, "अजी, नुसतं हसं करायचं असतं तर पाखरू कचऱ्यात फेकलं असतं. गादीसकट काऊन नेल्लं असतं?"

सर ताटाकडे पाहत राहिले. बाईंनी सांगितलं तेच ही सांगत होती, आणि ही तर भिंगही मागत नव्हती.

४

लटारू मडावी गुरुवारी सकाळी शाळा झाडत होता. प्रयोगशाळेची किल्ली रोज तोच खिळ्यावर टांगी, त्यामुळे संशयितांत तिसरा तोच होता. सरांनी त्याला पाखराबद्दल विचारलं तेव्हा त्यानं झाडू भिंतीला टेकवला.

"मी कायले नेऊ, सर? तसले पाखरं पाहिजे असन तर धुऱ्यावर चाला. इथी का कमी आहेत?"

"कसले पाखरं?"

"तुमच्यावाल्या पाखरासारखे. पिवळ्या कपाळाचे."

सरांना वाटलं, हा आपली थट्टा करतो आहे. पण लटारूला थट्टा करता येत नसे. दोघं शाळेमागच्या धानाच्या बांध्यांतून चालत जंगलाच्या कडेपर्यंत गेले. तिथे धुऱ्यावर पळसाची सहा-सात झाडं एकजात फुलली होती, एक हिरवं पान नाही. खाली बोरी-चिल्हाटीची झुडपं. लटारूनं सरांना हातानंच खाली बसवलं.

झुडपातून आवाज आला, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा, टक्, टक्. मग एक बारीक, घाईघाईचं गाणं. करड्या डोक्याचं, पांढऱ्या गळ्याचं पाखरू बोरीच्या शेंड्यावर आलं. त्याचं कपाळ करडं होतं, त्यावर काही नव्हतं. ते उडून पळसावर गेलं, एका फुलात चोच खुपसली, पाणी प्यावं तसं काहीतरी प्यालं, दुसऱ्या फुलावर गेलं, तिसऱ्यावर गेलं. फुलातले केसर दरवेळी त्याच्या कपाळाला घासत होते. शेजारच्या फांदीवर दुसरं तसंच पाखरू होतं. त्याचं कपाळ पिवळंधमक होतं. आणि त्याच्याही वरच्या फांदीवर एक साधी घरचिमणी बसली होती, तिच्याही कपाळावर तीच हळद.

"पळस फुलला का सगळ्यायले लागते जी ते," लटारू सांगत होता. "फुलातली भुकटी होय. रसाचा चिकटपणा असते, तर वाळून बसते. पळस सरला का जाते. हे पाखरू दिवाळीमांगून येते अन् होळीमांगून जाते, दरसाल. आमच्याकडं त्याले नाव नाई. एवढुशा पाखराले कोन नाव देते?"

"तू मले पहिलेच काऊन नाई सांगितलं, लटारू?"

"तुमाले ठाऊक असन ना जी. तुमी सर आहा."

गुणवंतराव धुऱ्यावर बसूनच राहिले. तीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, आधी पाहा, मग बोला. आणि स्वतः एक पिवळा डाग पाहिला आणि बाकीचं पाहायचंच विसरले. नवा पक्षी नव्हता. शोध नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं. लटारू दुसरीकडे पाहत उभा राहिला.

शनिवारी वनखात्याचे साहेब येणार होते. जंगलात उभी हयात काढलेल्या त्या माणसानं पाखरू हातात घेतलं असतं, बोटानं कपाळ पुसलं असतं, आणि सगळ्या गावादेखत सरांचं नाव त्या बोटाला लागून आलं असतं.

आणि नेमकं तेच पाखरू नाहीसं झालं होतं.

सर उठून उभे राहिले. ज्यानं पाखरू नेलं त्याला हे ठाऊक होतं.

५

परत येताना रस्त्यात पोस्टमन बिरजू भेटला. सरांनी त्याची सायकल थांबवली.

"मुंबईचं पत्र आलं का रे?"

"आलं ना जी, सोमवारीच. पत्त्यावर मुख्याध्यापक म्हनून होतं, तर त्यायच्याच हाती देल्लो. तुमाले भेटलं नाई का?"

सरांनी शाळेच्या छापील कागदावर पत्र लिहिलं होतं. त्या कागदावर वर मुख्याध्यापकांचंच नाव छापलेलं होतं. उत्तर त्या नावानं येणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीपाशी गेले. दारात क्षणभर पाय अडला. मग ते आत शिरले आणि समोरच्या बाकावर बसले. देवरावांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातला टाक कागदावर तसाच टेकून राहिला, शाईचा डाग पसरला तरी.

"देवरावजी," गुणवंतराव म्हणाले, "पाखरू कुठी आहे?"

अकरा वर्षांतले ते पहिले शब्द होते. देवरावांनी टाक बाजूला ठेवला.

"मी सांगतो. सोमवारी मुंबईचं पत्र आलं. त्यात लिहून असन, का हा रंग फुलाचा आहे. तुमी ते मले कळवाले सूचना वही काढली. अर्धं वाक्य लिहिलं. मंग तुमच्या ध्यानात आलं, का ही वही चौदा जण वाचतात अन् सही करतात. मी चुकलो हे माझ्या आधी सगळ्यायले कळलं असतं. म्हनून रद्द केलं. चिठ्ठी पाठवली असती तर मी फोडली नसती. अन् तोंडानं सांगाले आपल्यात तोंड उरलं नव्हतं. बरोबर?"

"बरोबर," देवराव हळूच म्हणाले.

"वैऱ्याचं काम असतं तर त्यानं शनिवारपर्यंत वाट पाह्यली असती. काई करायची गरजच नव्हती. नुसतं गप बसून माझी फजिती पाह्यची होती. तुमी पाखरू लपवलं, म्हंजे लोक म्हनले असते, बिचाऱ्या सरायचा पक्षी चोरीले गेला."

देवरावांनी खालचा खण उघडला. आत त्यांचा जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा होता. झाकण काढलं तर कापसाच्या गादीवर पाखरू निजलं होतं, एक पीसही विस्कटलं नव्हतं. डब्याखाली मुंबईचं पाकीट होतं. देवरावांनी दोन्ही सरांपुढे सरकवलं.

पत्र छोटं आणि फार सभ्य होतं. आपले वर्णन व मापे इतकी अचूक आहेत की पक्षी न पाहताही ओळखता येतो, असं तज्ज्ञानं लिहिलं होतं. हा शुभ्रकंठी वटवट्या, हिवाळी पाहुणा. कपाळाचा रंग बहुधा परागांचा. ओल्या कापसाने पुसून पाहावे.

"तुमच्याजवळून मी एक चीज आधीच घेतली होती," देवराव टेबलाकडे पाहत म्हणाले. "दुसरी माझ्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायची नव्हती."

"ते मी विसरलो नाई," सर म्हणाले.

"मले ठाऊक आहे."

"अन् विसरणारही नाई. पण हेही विसरणार नाई." सरांनी डबा उचलला. "शनिवारी पाखरू मीच आणतो. गेलं होतं असं कोनाले सांगू नका."

६

शनिवारी शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. पहिल्या रांगेत आशाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. गुणवंतराव माइकसमोर आले, त्यांनी पाखरू तळहातावर घेतलं आणि कांताबाईंना बोलावलं.

"बाईनं मले एक प्रश्न विचारला होता, अन् मी त्यायचं वय काढलं," ते म्हणाले. "त्याचं उत्तर त्याच देतील."

बाईंच्या हातात ओला कापूस होता. त्यांनी पाखराचं कपाळ हलकेच पुसलं, एकदा, दोनदा, तीनदा. कापूस पिवळा झाला आणि कपाळ करडं झालं. त्यांनी कापूस वर धरला. मागच्या रांगांत खसखस पिकली. वनखात्याचे साहेब मात्र खुर्चीतून पुढे झुकून पाहत राहिले.

"नवा पक्षी नाई," सर म्हणाले. "मी चुकलो. हा दरसाल येते आपल्या धुऱ्यावर, गाते अन् जाते. लटारू मडावी त्याले लहानपणापासून ओळखतो. मी त्याले तीस वर्सं विचारलंच नाई. पोरायनो, पुस्तकात नाई ते नवीन असते असं नाई. कधी कधी ते आपल्याच गावच्या माणसाले ठाऊक असते."

मागे उभ्या असलेल्या लटारूकडे शंभर माना वळल्या आणि तो एका खांबाआड सरकला. हसणं थांबलं होतं. सर खाली उतरणार, तेवढ्यात देवराव भर्रे उठून माइकपाशी आले. त्यांच्या हातात छापील भाषण होतं. त्यांनी ते वाचलं नाही, घडी करून खिशात घातलं.

"सरायनं त्यायची चूक सांगितली," ते म्हणाले. "आता माझी ऐका. अकरा वर्सांआधी माझी खुर्ची खोब्रागडे सरायची होती. संस्थेतल्या काही लोकायनं मले बोलावलं. म्हनाले, खोब्रागडेले बसवलं तर काही घरचे लोक पोरं काढून नेतील, तू बस. मी विचारलं नाई कोणत्या घरचे. मले सगळं कळत होतं अन् मी बसलो. चूक सांगाले दम लागते. त्यायच्यात होता. माझ्यात अकरा वर्सांत नव्हता."

संस्थेची माणसं बसली होती तिकडे कुणी पाहिलं नाही, आणि सगळ्यांना ती दिसली. देवराव माइक धरून उभे होते आणि पुढे काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

गुणवंतरावांनी आशाबाईंकडे पाहिलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि पुसता पुसताच त्यांनी मान हलवली, जा म्हणून. सरांनी पाखरू कांताबाईंच्या ओंजळीत दिलं. मग ते देवरावांजवळ गेले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन आले.

"बसा देवरावजी," ते म्हणाले. "उन्ह लई आहे."

आणि शेजारची खुर्ची ओढून स्वतः बसले.